धना, पल्लू धरा का?

माझा नवरा गेल्यानंतरही रोज सकाळी ऑफिसात मला एक प्रश्न विचारायचा आणि मी 'यस' दाबून कामाला लागायचे. हे असं सरळ सांगितलं की लोक मान तिरकी करून दयेने बघतात, म्हणून मी बाहेर कुणाला सांगत नसे. घरी फक्त सासूबाईंना ठाऊक होतं, आणि तेच पुढे मला फार जड गेलं.

पर्वत पाटियाला विमलभाईंचा साडी डिझाइनचा स्टुडिओ आहे. मी तिथे डिझायनर आणि वाल्मिक, माझा नवरा, तिथलं सगळं काही. कॉम्प्युटर बिघडला, बोलवा वाल्मिकला. प्रिंटर अडला, वाल्मिक. एसी गळायला लागला तरी वाल्मिक. आमची खुर्चीला खुर्ची लागून होती. लग्न ठरवताना घरच्यांनी पत्रिका जुळवल्या. त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही एका टेबलावर डबा खात होतो, ते कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

आमच्या धंद्यात एक साडी कधी एकटी नसते. तेच डिझाइन सहा-आठ रंगांत काढावं लागतं, त्याला मॅचिंग म्हणतात. पल्लूचा रंग बदलला की बॉर्डरचा बदलायचा, बॉर्डरचा बदलला की बुट्ट्यांचा. हाताने करायला बसलं की अर्धा दिवस जायचा आणि मान धरायची. वाल्मिकने त्यासाठी आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच एक मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे सॉफ्टवेअरच्या पोटात राहणारा छोटा प्रोग्रॅम. आपण माउसने पल्लू सिलेक्ट करायचा, बटण दाबायचं, की सगळी मॅचिंग तो काढून देतो.

पहिल्याच आठवड्यात मी पल्लू सिलेक्ट न करता बटण दाबलं. सिलेक्ट होतं ते कोपऱ्यातलं विमलभाईंच्या फर्मचं नाव. मॅक्रोने इमानेइतबारे ते नाव सगळ्या रंगांत रंगवून दिलं. विमलभाई भडकले आणि वाल्मिक हसून हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर काम सुरू व्हायच्या आधी स्क्रीनच्या मधोमध एक चौकट आली: 'धना, पल्लू धरा का?' खाली दोन बटणं, 'यस' आणि 'नो'.

आमच्या अहिराणीत 'धरला का'ला 'धरा का' म्हणतात, आणि धरला म्हणजे माउसने सिलेक्ट केला. मॅक्रो जिथे लिहायचा तिथे देवनागरी टाइप केलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटायची, म्हणून त्याने आपली बोली इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. 'नो' दाबलं की मॅक्रो तिथेच थांबायचा. काम व्हायला हवं असेल तर 'यस' म्हणावंच लागायचं. नवरे लोक अशी सोय बरोबर करून ठेवतात.

मग त्याला चटकच लागली. 'चा लिधा का?' म्हणजे चहा घेतला का. 'डोया दुखतस का?' म्हणजे डोळे दुखतात का. एकदा भेस्तानच्या घरी आमचं कडाक्याचं भांडण झालं. सुरू झालं भांडी कुणी घासायची यावरून आणि पोचलं त्याच्या बहिणीच्या लग्नातल्या मानपानापर्यंत. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न हजर: 'मन्हावर राग शे का अजून?' म्हणजे माझ्यावर राग आहे का अजून. आता यालाही 'यस' म्हटल्याशिवाय काम पुढे सरकेना. मी दातओठ खात 'यस' दाबलं आणि शेजारी तो गालातल्या गालात हसत बसला. भांडण मिटलं, पण प्रश्न काही त्याने काढला नाही. कोणता प्रश्न कधी यायचा ते मॅक्रो आपलं आपण ठरवायचा.

कडोदऱ्याच्या मिलमध्ये छपाईचे रंग तपासायला गेलेला वाल्मिक परत येताना हायवेवर ट्रकखाली सापडला. त्याबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही.

दिवसकार्य आटोपून मी कामावर आले, तेव्हा शेजारची खुर्ची कुणीतरी उचलून नेली होती. मला बरं वाटावं म्हणून नेली असणार. मी बसले, पल्लू सिलेक्ट केला, बटण दाबलं. 'मन्हावर राग शे का अजून?' मी 'यस' दाबलं. होताच राग. असं अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या माणसावर राग धरायचा नाही तर काय करायचं? आजही आहे.

माझ्या सासूबाई सरलाबाई. वाल्मिक आईला बाई म्हणायचा म्हणून मीही बाईच म्हणते. घराच्या दारात बसून त्या साड्यांना खडे चिकटवायचं काम करतात, त्यांच्या बोटांना कायम गोंदाचा वास असतो. त्या संध्याकाळी मला राहवलं नाही, मी त्यांना चौकटीचं सांगितलं. त्यांच्या हातातला खडा हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी मी चपला काढते आहे तोच त्यांनी विचारलं, "आज काय इचारं त्यानी?"

मग तो रिवाजच पडला. रोज मी घरी यायची, त्या विचारणार आणि मी सांगणार. बाई काही भाबड्या नाहीत. पोरगा गेला हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण रोज कुठेतरी त्याचं एक वाक्य उमटतं, एवढं त्यांना पुरत होतं. कधी माझ्याकडे उत्तरंही द्यायच्या. "त्याले सांग, धनानी चष्मा बदली लिधा, डोया आते दुखतस नही." त्यांची तक्रार एकच होती. "बायकोलेच इचारस. माय कशी शे, हाई एक दिन इचारं नही त्यानी."

"बाई, ते ऑफिसनं काम शे," मी म्हणायची.

"तरी बी," बाई म्हणायच्या आणि पुढचा खडा घ्यायच्या.

असं आमचं बरं चाललं होतं. बरं म्हणजे, दोन बायकांचं चालू शकतं तेवढं. मग विमलभाईंच्या डोक्यात आलं की व्यापाऱ्यांनी घरबसल्या डिझाइन पाठवावं आणि मॅचिंग आपोआप तयार होऊन त्यांना परत जावं. त्यासाठी एसीच्या छोट्या खोलीत, देव्हाऱ्याच्या खालीच, एक मोठा सर्व्हर आणून ठेवला. "धनश्रीबेन, कोई बेसे नहीं तो पण चालवुं जोईए," ते म्हणाले. समोर कुणी बसलेलं नसलं तरी चाललं पाहिजे. इतकी वर्षं समोर बसलेल्या बाईला हे त्यांनी अगदी हसतमुखाने सांगितलं.

ते काम करायला दिपाली आली. खानदेशाचीच, पण जन्म इथला. कॉम्प्युटरचं शिकलेली आणि एका वाक्यात तीन भाषा बोलणारी. मी तिच्यावर खार खायचं ठरवलं होतं, पण पोरगी इतकी नीट वागली की ते जमलं नाही. वाल्मिकचा कोड वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, मस्त लखेलुं छे यार. पण हे सगळं आतून चालण्यासाठी लिहिलंय."

"आतून म्हणजे?"

"मॅक्रो सॉफ्टवेअरच्या आत असतो ना, तेव्हा त्याला काही सांगावं लागत नाही. 'समोरची फाईल' म्हटलं की झालं. 'सिलेक्ट केलेला भाग' म्हटलं की झालं. बाहेरून चालवायचं तर आधी सॉफ्टवेअरला उठवायचं, मग कोणती फाईल ते पूर्ण पत्त्यासकट सांगायचं, पल्लू म्हणजे कुठला आकार तेही नावाने सांगायचं. बाहेरच्याला काहीच माहीत नसतं."

मला ते ताबडतोब कळलं. अपघाताच्या दिवशी हॉस्पिटलच्या खिडकीवर मी पूर्ण नाव, वय, पत्ता, कोण लागतो, सगळं सांगत होते, आणि मागून बाई नुसतं "मन्हा वाल्या शे, मन्हा वाल्या" म्हणत होत्या. घरात तेवढं पुरलं असतं. खिडकीतल्या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता.

दिपालीने आठवडाभर खपून 'समोरची', 'धरलेली' असं सगळं काढलं आणि जागोजागी पूर्ण नावं घातली. पल्लू माझ्या हाताने सिलेक्ट करायची गरज उरली नाही. फाईलमधल्या आकारालाच तिने पल्लू असं नाव देऊन टाकलं. तिच्या मशीनवर तिने चालवून बघितलं, उत्तम चाललं. मग सर्व्हरवर चढवलं आणि तिथे घोडं अडलं. काम सुरू व्हायचं, पण मॅचिंग बाहेर पडायचीच नाहीत. चूक दाखवायचं नाही, बंद पडायचं नाही, काहीच नाही. ती पुन्हा चालवायची, पुन्हा तेच. होता होता सर्व्हर इतका मंद झाला की फोल्डर उघडायलाही वेळ लागे.

मला आतून आनंद झाला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, वाल्मिकचं लिहिलेलं आहे, परक्या घरी नांदणार नाही. विमलभाईंना मात्र थांबायची सवय नव्हती. "सोमवार सुधी," ते दिपालीला म्हणाले. "नहीं तो वाल्मिकनुं बधुं काढी नाखो, तैयार सॉफ्टवेअर लई लईशुं." सोमवारपर्यंत चाललं नाही तर वाल्मिकचं सगळं काढून टाकायचं आणि बाजारातलं तयार आणायचं. माझा आनंद तिथेच विरला.

त्या दुपारी दिपाली माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"ताई, माझंच चुकलं. त्यात ते प्रश्न आहेत ना, धना धना करून. ते मी काढलेच नाहीत."

"का?"

"हात धजला नाही. तुम्ही रोज सकाळी कसं 'यस' दाबता ते मी बघते ना. मला वाटलं, सर्व्हरवर चौकटच दिसणार नाही, तर प्रश्नही आपोआप पुढे निघून जाईल. माझ्या मशीनवर मी स्वतः 'यस' दाबत होते, म्हणून तिथे चाललं."

"आणि सर्व्हरवर?"

"तिथे तो प्रश्न विचारतो, ताई. फक्त दिसत नाही. कुणी 'यस' म्हणेपर्यंत तो तिथेच थांबून राहतो."

आम्ही दोघी एसीच्या खोलीत गेलो. देव्हाऱ्यातल्या उदबत्तीची राख सर्व्हरवर पडली होती, ती मी आधी पुसली. दिपालीने चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली. आमच्या सॉफ्टवेअरचं नाव एकाखाली एक, एकाखाली एक, स्क्रीन संपेपर्यंत. तिने जितक्यांदा चालवून बघितलं तितक्यांदा एक नवीन प्रत उघडली होती, आणि प्रत्येक प्रत पहिल्याच प्रश्नाला अडून बसली होती. सर्व्हर मंद झाला होता तो त्यामुळे.

"यांना स्क्रीनवर आणता येईल का गं?" मी विचारलं. "मी देते उत्तरं."

"नाही येणार. ज्या जागी त्या उघडल्यात तिथे स्क्रीनच नाहीये. तिथून फक्त बंद करता येतं."

इतके दिवस मी बाहेर माझ्या टेबलावर बसून खूश होत होते आणि इथे भिंतीपलीकडे वाल्मिक मला हाका मारत होता. एकदा नाही, परत परत. कुठे चहाचं विचारत असेल, कुठे डोळ्यांचं, कुठे रागाचं. आणि धना काही उत्तर देत नव्हती. कोड आहे, ठाऊक आहे मला, मी काही खुळी नाही. पण मला छातीत जे दुखलं ते हायवेवरून फोन आला त्या दिवसासारखंच दुखलं.

दिपाली म्हणाली, "मी करते बंद, ताई. तुम्ही बाहेर बसा."

"तू चहा सांग जा," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी माउस हातात घेतला. पहिल्या ओळीवर गेले. "हौ," मी मोठ्याने म्हटलं, आणि ती बंद केली. दुसऱ्या ओळीवर "हौ, धरा," म्हटलं आणि ती बंद केली. एका ओळीला म्हटलं, "शे राग. अजून शे." कुठल्या ओळीमागे कुठला प्रश्न होता ते कळायला मार्ग नव्हता, मी आपली देत गेले. यादी संपली तेव्हा पंख्याचा आवाज एकदम कमी झाला आणि खोली शांत झाली. दिपाली चहा घेऊन दारातच थांबली होती, ती आत आली नाही.

चहा पिताना ती हळूच म्हणाली, "एक करता येईल. प्रश्न चौकटीत न विचारता एका फाईलमध्ये लिहून ठेवू. म्हणजे त्यांचे शब्द राहतील आणि काम अडणार नाही."

"म्हणजे त्याने विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचं?"

"तसंच."

"असा नव्हता तो," मी म्हटलं. "काढून टाक. थांब, मीच काढते."

मला सोपं नव्हतं ते. प्रश्न ठेवले असते तर सोमवारी त्याचं सगळं कामच कचऱ्यात गेलं असतं, आणि काम ठेवायचं तर त्याचं बोलणं कापायचं होतं. त्याने रात्रंदिवस खपून केलेली मॅचिंगची ती सगळी अक्कल बाजारातल्या एखाद्या डब्यासाठी फेकून द्यायला मी तयार नव्हते. मी ओळी शोधल्या. प्रश्नांच्या त्या तुकड्याला त्याने नावच Dhana दिलं होतं. सिलेक्ट करायला मी चुकते म्हणून सुरू झालेला तो तुकडा मी अगदी नीट सिलेक्ट केला आणि पुसला.

सोमवारच्या आत मॅचिंग धाडधाड बाहेर पडायला लागली. रंग असे चोख की मी बसले असते तरी माझ्याही हातून आले नसते. विमलभाईंनी पेढे आणले आणि वाल्मिकचं नाव घेऊन डोळे पुसले, ते खोटे नव्हते. मग माझ्या मशीनवरचं सॉफ्टवेअर काढून त्याचं लायसन्स सर्व्हरला दिलं. मला आता फक्त तयार रंग तपासायचे असतात. त्याच्या जुन्या कोडची एक प्रत मी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली आहे, पण सॉफ्टवेअरच्या बाहेर ती नुसती अक्षरं आहेत. वाचता येतात. ती मला काही विचारत नाहीत.

बाईंना मी सांगितलं नाही. रिक्षात रोज ठरवायचे की आज सांगायचं, आणि दारात त्यांनी "आज काय इचारं त्यानी?" म्हटलं की माझ्या तोंडून निघायचं, "पल्लू धरा का, आसं इचारं." दुसऱ्या दिवशी चहाचा प्रश्न सांगितला, तिसऱ्या दिवशी डोळ्यांचा. तेच ते प्रश्न पूर्वीही यायचे, त्यामुळे खोटं बोलायला काही अडचण नव्हती. बाई पूर्वीसारखीच उत्तरं देत होत्या आणि मी "सांगसू" म्हणत होते.

मग एक दिवस आले तर बाई दारात नव्हत्या. आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगात कणकण होती, सकाळची भाकरी दुरडीत तशीच पडलेली. साडी मांडीवर होती, खडे डबीत होते आणि हात नुसतेच पडले होते. त्यांना असं मी फक्त वाल्मिक गेला तेव्हाच पाहिलं होतं. तरीसुद्धा त्यांनी विचारलं, "आज काय इचारं त्यानी?"

मला त्यांची इतकी दया आली की मी पुढचा मागचा विचार केला नाही. इतके दिवस ज्याची वाट बघत होत्या ते एकदा तरी मिळू दे त्यांना, असं वाटलं. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आज इचारं, बाई जेवनी का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हसतील, म्हणतील, आठवन उनी का एकदानी, म्हणजे आली का एकदाची आठवण. त्या हसल्या नाहीत. मांडीवरची साडी त्यांनी घडी करून बाजूला ठेवली, खड्यांची डबी बंद केली आणि माझा हात आपल्या गोंदाच्या हातात घेतला.

"धना," त्या म्हणाल्या, "तठे ऑफिसमा तो मन्हं कधीच इचारे नही."

मग त्यांनीच विचारलं,

"गया का तो?"

"हौ, बाई," मी म्हटलं. "आते गया."